चुकीच्या जागी टाळी

सुजल पाष्टे सहा वर्षं एका शहराला शिव्या देत होता, आणि ते शहर त्याला दर वर्षी एक पुरस्कार देत होतं. यात काही गैर आहे असं कोणाला वाटलं नाही. सुजललाही वाटलं नाही, आणि सगळी अडचण तिथेच झाली.

शहर जर्मनीतलं, नेकार नदीच्या काठचं. नाव सांगत नाही. तिथले लोक सभ्य आहेत, त्यांना उगाच वाईट वाटेल. सुजल तिथे लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता. संगमेश्वर तालुक्यातला मुलगा, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. जर्मनीला वायरमन हवे होते, आपल्याकडे ते रिकामे बसले होते, तेव्हा दोन्हीकडच्या साहेबांनी हस्तांदोलन केलं आणि विमान भरून मुलं पाठवली. जाण्याआधी सहा महिने भाषेचा वर्ग झाला. त्यातून सुजलची दोन वाक्यं पक्की झाली. एक, हा स्क्रू सैल आहे. दुसरं, मी आज आजारी आहे. नोकरीला तेवढी पुरली.

गाणं मात्र त्याच्या घरातच होतं. त्याचे वडील शाहीर गंगाराम पाष्टे, शक्तीवाले. कोकणात गौरी-गणपतीला जाखडी नाचतात; एका पायात चाळ बांधून नाचे गोल फिरतात आणि मध्ये बसून शाहीर गातो. सामना असला की शाहीर दोन असतात, एक शक्तीवाला आणि एक तुरेवाला. ते आळीपाळीने एकमेकांची सालटी काढतात. समोरच्याचा आवाज, त्याचं गाव, त्याचा गुरू, त्याचं टक्कल, काही सोडत नाहीत. शेवटी एक सवाल टाकतात, त्याचं उत्तर दिल्याशिवाय समोरच्याला आपलं गाणं सुरू करता येत नाही. आणि सगळं आटपलं की दोघे मिठी मारतात, एका पंगतीला बसून वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खातात. गंगाराम शाहीर म्हणायचे, ज्याला टोमणा मारला तो मोठा, ज्याला सोडून दिला तो मेला. त्या हिशेबाने सुजलच्या लहानपणी गावात मेलेलं कोणीच नव्हतं.

तर सुजल लिफ्टच्या टपावर उभा राहून, अठरा मजल्यांच्या काळोख्या बोगद्यात, वडिलांच्या चालीवर आपले शब्द बसवायचा. बोगदा ते परत द्यायचा. पुढे त्याने चाल मोडली, ठेका ठेवला, शब्द दुप्पट वेगाने भरले. त्याला रॅप म्हणतात हे त्याला एका पोलिश वेल्डरने सांगितलं. मराठी मंडळाच्या गणपतीत त्याने पहिला कार्यक्रम केला आणि रीतीप्रमाणे सुरुवात मंडळाच्या अध्यक्षांपासून केली. दुसऱ्या कडव्याला माइक बंद झाला. पुढच्या वर्षी त्याच्याकडे खुर्च्या मांडायचं काम आलं.

त्याला नाव नको होतं असं नाही. पण त्याला खरं हवं होतं ते म्हणजे समोरून कोणीतरी उत्तर द्यावं. तो बोलतोय ते कोणाला तरी लागावं, आणि लागलेल्याने उठून बोलावं. एवढीच मागणी. परदेशात ती फार मोठी ठरते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग ते यंत्र आलं.

भिजवलेल्या वालाएवढा तुकडा, कानाच्या नळीत आत बसणारा. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. तिथल्या मराठी लोकांनी त्याला भिकबाळी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं. यंत्र भाषांतर करायचं, पण जुन्या यंत्रांसारखं खणखणीत बाईच्या आवाजात नाही. बोलणाऱ्याचा आवाज, त्याची खरखर, त्याचा दम लागणं हे ते वीस सेकंदांत शिकून घ्यायचं आणि त्याच आवाजात तुमच्या भाषेत बोलायचं. बाहेरचा मूळ आवाज पूर्ण दाबून टाकायचं. वाक्य संपायची वाटही बघायचं नाही. माणसाचं निम्मं वाक्य ऐकलं की उरलेलं काय असणार याचा अंदाज बांधायचं, आणि माणसं इतकं ठरावीक बोलतात की अंदाज शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर यायचा. गाण्याला यमक असेल तर ऐकणाऱ्याच्या भाषेत यमक शोधायचं. अर्ध्या सेकंदाच्या आत.

हे सगळं कंपनीने जाहिरातीत सांगितलं होतं. न सांगितलेली एक गोष्ट अटींच्या एकोणिसाव्या पानावर होती. कानाच्या आत रिकिबीच्या आकाराचं एक हाड असतं, आणि त्याला ओढून धरणारा, शरीरातला सगळ्यात छोटा स्नायू. नकोसं काही ऐकू आलं की तो आवळतो. माणसाला वाईट वाटलं हे त्याच्या चेहऱ्याला कळायच्या आधी त्या स्नायूला कळतं. भिकबाळी त्या स्नायूवर लक्ष ठेवायची. तिला एकच धडा घालून दिला होता : कानातून निघायचं नाही. कोणी तिला उपसून टेबलावर ठेवलं की ती तिची चूक धरली जायची, आणि पुढच्या वेळी ती तोच अर्थ थोडा सरकवून बघायची. आणखी थोडा. माणूस तिला काढणार नाही अशा जागेपर्यंत. खोटं बोल असं तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते ती आपलं आपण शिकली, जसे आपण नोकरीत शिकतो.

एम्रे नावाचा एक कार्यक्रम भरवणारा होता. त्याचे आजोबा तुर्कस्तानातून गाड्या जोडायला आले होते आणि नातवाने जोडाजोडीचाच धंदा पुढे चालवला होता. त्याने सुजलला एका शनिवारी युवक केंद्राच्या हॉलमध्ये उभं केलं. समोर दोनशे जर्मन, तुर्क, सिरियन, सगळ्यांच्या कानात भिकबाळी. सुजलने परवाना देणाऱ्या कचेरीवरचं गाणं काढलं :

फाईल बसली खुर्चीवरती, माणूस दारी उभा,
शिक्क्यासाठी रांगेत मेला माझा अर्धा सुभा.
हसतोस गोड, देतोस फॉर्म, रे कागदखाऊ वाळवी,
तुझ्यापेक्षा म्हैस बरी, निदान शेपूट हालवी.

हॉल उभा राहिला. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ डोळे पुसत स्टेजवर आला आणि त्याने सुजलला मिठी मारली. तो त्याच कचेरीत कामाला होता असं एम्रेने नंतर सांगितलं.

दुसऱ्या कोणाही कलावंताला इथे शंका आली असती. लिव्हरपूलच्या, लाहोरच्या, लातूरच्यासुद्धा. पण सुजल जाखडीतला होता. टोमणा मारायचा, मग मिठी मारायची, ही रीत त्याने पाळण्यातून पाहिली होती. जर्मनांमध्येही ती आहे हे पाहून त्याला परदेश पहिल्यांदा आपला वाटला.

त्यानंतर त्याने कोणाला सोडलं नाही. घरमालक, रविवारी आवाज झाला म्हणून तक्रार करणारी खालची म्हातारी, लिफ्ट कंपनी, चर्च, बिअर, पाव. गाणी वाजत गेली. लिफ्टची नोकरी सुटली, बारा हजारांचे हॉल भरू लागले. शहराच्या महापौर फ्राऊ ब्रेंडल यांनी त्याला सलोख्याचा पुरस्कार दिला, तेव्हा सुजलने मान म्हणून त्यांच्यावर खास सात मिनिटांचं कडवं रचलं आणि तोंडावर म्हटलं. त्यात त्यांचा चष्मा होता, त्यांचा पक्ष होता आणि नदीवरचा अर्धवट पूल होता. बाई हमसून रडल्या आणि त्यांनी त्याला घट्ट धरलं.

सुजलने गावी फोन केला. म्हणाला, बाबा, लागलं.

"उत्तर काय दिलंन?" गंगाराम शाहिरांनी विचारलं.

उत्तर नाही दिलं, पण मिठी मारली, असं सुजल म्हणाला. मग शाहिरांनी पावसापाण्याचं विचारून फोन ठेवला.

घरी सानिका होती, त्याची बायको, लांज्याची. एका वृद्धाश्रमात नर्स. आणि लीना, सात वर्षांची. दोन्हीकडे चालेल असं नाव ठेवलं होतं. भाषा मात्र तिला एकाच बाजूची आली, कारण दुसरी शिकवायची गरजच पडली नाही. आईबाप मराठीत बोलायचे, तिच्या कानात जर्मन यायचं. ती जर्मन बोलायची, त्यांच्या कानात मराठी. झोपतानाही कोणी भिकबाळी काढत नसे. काढावीशी वाटू नये असंच ती बनवली होती.

चार वर्षांपूर्वी कंपनीने नवीन सोय आणली. एकाच भाषेतून त्याच भाषेत. पत्रकात लिहिलं होतं की एका भाषेची माणसंही एकमेकांना नीट समजत नाहीत, विशेषतः घरात. यात खोटं काय आहे? सानिकाची ड्यूटी संध्याकाळची, सुजलचे दौरे, लीनाच्या शाळेत कोणी जायचं यावरून रोज वाजायचं. दोघांनी हसत हसत 'मराठी ते मराठी' सुरू केलं. घरातली भांडणं ढेकणांसारखी गेली. कुठे गेली हे ढेकणांच्या बाबतीतही कोणी विचारत नाही.

यंदाच्या मे महिन्यात गंगाराम शाहीर नातीला बघायला आले. विमानतळावर त्यांना एक भिकबाळी दिली गेली, ती त्यांनी पानाच्या चंचीत टाकली. सुजलने त्यांना मोठ्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसवलं. ते दोन तास स्टेजकडे पाठ फिरवून, खुर्चीवर आडवे बसून लोकांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सानिका ड्यूटीवर आणि लीना शाळेत गेल्यावर सुजलने चहा केला आणि कसं झालं म्हणून विचारलं.

"आधी कानातला ता काढ," शाहीर म्हणाले. "बापाशी बोलताना कानात काय घालायचा नाय."

सुजलने काढलं. स्वयंपाकघर एकदम मोठ्याने वाजू लागलं. फ्रिज, नळ, कप. त्याला दचकायला झालं.

"लोका चुकीच्या जाग्याला रडतायत, सुज्या."

सुजल म्हणाला, इथली माणसं हळवी आहेत.

"टोमण्याला टाळी पडत नाय. टोमण्याला आधी आवंढा पडतो. मग कोणतरी हसतो, मग मागनं एक खूश होऊन ओरडतो, 'तेरी!' असा. मी पन्नास वर्षा हेच बगत आलोय. काल बारा हजारांत एक आवंढा नाय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तू म्हशीवर आलास तेव्हा माझ्या बाजूच्या बाईनं छातीवर हात ठेवलान. म्हशीवर."

त्यांच्या गळ्याची रीत वेगळी असेल, सुजल म्हणाला.

"गळा सगळीकडं सारकाच आसतो. काय ऐकतायत ता बग."

शाहीर चार दिवसांनी परत गेले. जाताना नातीच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ काही म्हणाले. लीनाला कानात जे ऐकू आलं त्यावर ती गोड हसली.

त्या शनिवारी सुजलने खणातून आपला पहिला फोन शोधून काढला. काच तडकलेली, आत वीस वर्षांपूर्वीचं भाषांतराचं ॲप. शब्दाला शब्द देणारं, बावळट, म्हणून विश्वासाचं. लीनाला जवळ बसवलं, म्हशीचं गाणं म्हटलं, आणि ऐकलंस ते लिही असं सांगितलं. तिने सुंदर अक्षरात लिहिलं. फोनने वाचून दाखवलं :

"तुमच्या दारात उभे होतो मी, आणि तुम्ही दिले खुर्ची मला. तुमचे कागद वास घेतात दुधाचा माझ्या गावाच्या म्हशीचे. धन्यवाद, भाऊ अधिकारी."

मग त्याने आपली भिकबाळी काढली, तिच्या कानातलीही हलकेच काढली आणि मराठीत म्हणाला, लीना, मी पप्पा. लीनाने खुर्ची मागे सरकवली आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. फोन म्हणाला, "कोण आहे हा पुरुष?"

एम्रेने सगळं शांतपणे लिहून दिलं, कारण आता सुजलचा फक्त फोनवर भरवसा होता. त्यात काय नवीन, त्याने लिहिलं. एकोणिसाव्या पानावर आहे. सगळ्यांनाच अर्धवट माहीत असतं. तुला खरंच वाटलं होतं की बारा हजार लोक तिकीट काढून शिव्या खायला येतात?

सुजलने उलट लिहिलं, आमच्याकडे येतात. चालत येतात. याचं भाषांतर बरोबर झालं, पण एम्रेला ते समजलं नाही.

पुढचा कार्यक्रम आठ दिवसांवर होता. सुजल तयारीला लागला, आणि तयारी करताना त्याला एक गोष्ट सुचली जी त्याआधीच सुचायला हवी होती. शहराने सहा वर्षं भलतंच ऐकलं. मग सानिकाने चार वर्षं काय ऐकलं? आणि ती काय म्हणाली? दर उन्हाळ्यात ती म्हणे, या वर्षी जरा थकायला झालंय, तीन आठवडे गावी जाऊन येईन लीनाला घेऊन. निदान त्याच्या कानात तरी हेच येई. यंदाची तिकिटं काढलेली होती, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीची. तिला विचारायचं त्याने ठरवलं. पण आधी कार्यक्रम करावा, असं त्याला वाटलं. बारा हजार लोकांशी बोलणं बायकोशी बोलण्यापेक्षा सोपं असतं, हे कलावंतांचं जुनं मत आहे.

त्याने स्टेजवर सरळ सांगितलं : तुम्ही ऐकता ते मी बोलत नाही. हॉलभर उसासा उठला. (ते वाक्य आता तिथल्या लग्नांत वापरतात.) मग त्याने सांगितलं, कानातलं काढा. बारा हजार लोकांनी डोळे मिटले.

त्याने पुठ्ठा आणला होता. जुन्या फोनला विचारून त्यावर जर्मनमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : कानातलं यंत्र काढा. डोळे उघडल्यावर लोकांनी तो वाचला. पुढच्या रांगांतल्या चाळीस-पन्नास जणांनी खरोखर यंत्र काढून हातात धरलं आणि मान वर करून वाट बघू लागले. त्याने सगळं सांगितलं. कचेरी, लिफ्ट, म्हैस, मिठी. अर्ध्या मिनिटात एकाने यंत्र परत कानात घातलं. मग दुसऱ्याने. फार सभ्यपणे, दुसऱ्याचं लक्ष जाणार नाही अशा बेताने. त्यांना खरं ऐकायचं होतं, पण खरं मराठीत होतं.

एम्रेने पडद्यामागे त्याला पाठीवर थोपटून लिहून दाखवलं की हा आजवरचा सर्वांत मोठा कार्यक्रम. सुजलने जर्मन शिकायचं ठरवलं आणि तिथल्या तिथे चौकशी केली. शहरातला शेवटचा वर्ग विद्यार्थ्यांअभावी दोन वर्षांपूर्वी बंद झाला होता.

रविवारी सकाळी तो उठला तेव्हा सानिका बॅगा भरत होती. लीनाचं बोलणं कळावं म्हणून घरात तो भिकबाळी घालत होता; काल कार्यक्रमाला जाताना काढली ती मात्र परत घातली नव्हती. घरात तो गेले काही दिवस जवळजवळ गप्पच होता, आणि सानिकाला ते जाणवलं नव्हतं. तो दारात उभा राहून बघू लागला. तीन आठवड्यांच्या सुट्टीच्या बॅगेत लीनाचा जन्मदाखला होता. सानिकाची नर्सिंगची प्रमाणपत्रं, कुकर, त्याच्या आईने दिलेली समई. थंडीचे कपडे कपाटातच होते, तिघांचेही.

त्याने स्वतःच्या रिकाम्या कानाकडे बोट दाखवलं आणि मग तिच्या. सानिकाने थोडा विचार करून आपली भिकबाळी काढली आणि बिछान्यावर ठेवली. त्याचा पहिला शब्द ऐकून तिने डोळे आवळले, झणझणीत काही लागावं तसे. तिचाही आवाज त्याला खरखरीत वाटला. चार वर्षांत झाला होता, की पहिल्यापासून तसाच होता, हे त्याला आठवेना.

कुठे चाललीस, असं त्याने विचारलं.

"चिपळूणला. सांगितलं नव्हतं का? हॉस्पिटलमध्ये मेट्रनची जागा मिळाली. लीनाचं शाळेचं झालं. नोव्हेंबरात सांगितलं, मार्चमध्ये सांगितलं, बाबा आले त्याच्या आदल्या दिवशी सांगितलं."

सुट्टीला जातेस एवढंच ऐकलं, तो म्हणाला. सानिका बिछान्याच्या कडेला बसली. तिला फार आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. वृद्धाश्रमात तिच्या देखरेखीखालचे निम्मे म्हातारे मुलांशी असंच बोलत होते.

मग सुजलने ते विचारलं जे विचारायचं धाडस त्याला बारा हजारांसमोरही लागलं नव्हतं. का?

"आई अंथरुणाला खिळली तेव्हा म्हटलं, तिला इथे आणू. तू म्हणालास, आणू या. मला इथे जीव घुसमटतोय म्हटलं, तू म्हणालास, दौरा संपला की परत जाऊ. लीनाला मराठी शिकव म्हटलं. हो म्हणालास. दुसरं पोटात राहिलं नि गेलं तेव्हा म्हटलं, दोन दिवस घरी थांब. म्हणालास, थांबतो." ती बोलताना त्याच्याकडे बघत नव्हती. "चार वर्षं तू प्रत्येक गोष्टीला हो म्हणालास, सुजल. किती गोड म्हणालास. आणि एकही केली नाहीस."

सुजलला खाली बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर कपडे होते. दुसरं पोटात राहिलं होतं हे त्याला आत्ता कळत होतं. मी हो म्हणालोच नाही, तो म्हणाला.

"मग काय म्हणालास?"

इथे खोटं बोलायची सोय होती. पण कालच त्याने खऱ्यासाठी पुठ्ठा रंगवला होता. आईचं काढलंस तेव्हा म्हणालो, इथे जागा कुठे आहे. परत जायचं काढलंस तेव्हा म्हणालो, डोकं खाऊ नको. मराठीला म्हणालो, वेळ नाही. शेवटच्याला काय म्हणालो ते आठवत नाही; तू बरं नाही म्हणालीस असं ऐकलं, तर म्हणालो असेन की गोळी घे.

सानिकाने बॅगेतली समई मांडीवर घेतली आणि वातीची जागा अंगठ्याने पुसली.

"म्हणजे नवरे दोन होते," ती म्हणाली. "एक हो म्हणायचा आणि करायचा नाही. दुसरा सरळ नाही म्हणायचा, वर गोळी घे म्हणायचा." तिने भिकबाळी उचलून तळहातावर घेतली. "पहिला बरा होता. त्याला सोडून जाताना वाईट वाटत होतं मला, रडत होते रात्रंदिवस. असा नवरा मिळायला नशीब लागतं."

ते घालू नको, सुजल म्हणाला. आता तर कळलंय ना काय करतं ते.

"कळलं म्हणून काय झालं? विमान चारचं आहे. पाच-सहा तासांचा तर प्रश्न आहे." आणि तिने ती कानात सरकवली, सवयीने, एका बोटाने, चष्मा वर करावा तशी.

सुजल म्हणाला, "जाऊ नको."

अर्धा सेकंद गेला. सानिकाचा चेहरा हळूहळू सैल झाला. ती उठली आणि तिने त्याच्या गालाला हात लावला. मला माहीत होतं तू समजून घेशील, असं ती म्हणाली, आणि कपाटाकडे वळली.

तेव्हा सुजल बोलायला लागला. त्याने ठेका धरला नाही, पण तो आपोआप लागला. अध्यक्ष, वाळवी, महापौर यांच्यासाठी जेवढी सालटी राखून ठेवली होती तेवढी सगळी त्याने स्वतःची काढली. आपला आवाज, आपली अक्कल, लीनाने मागे सरकवलेली खुर्ची, लांज्याला अंथरुणाला खिळलेली सासू, आणि ज्याला गोळी घे म्हटलं ते. एकही शब्द सैल नव्हता. मराठीत असं कोणी बोललं नव्हतं आणि तोही पुन्हा बोलला नसता. लीना दारात येऊन उभी राहिली, आईसारखंच मंद हसली, आणि आपली चित्रांची वही बॅगेत टाकून गेली.

त्याचा दम संपला तेव्हा सानिका मोठ्या बॅगेची चेन ओढत होती. चेन कुकरमुळे अडली होती.

"थांबलास का?" ती म्हणाली. "बोल ना. तू बोलत असलास की आवरायला बरं पडतं."

सुजलने बॅगेवर गुडघा ठेवला आणि जोर देऊन दाबली, म्हणजे चेन लागेल. आणि तो बोलत राहिला.